मी कापते

"कागद पाठ झाला ना, अंबुबाई?"

ऑफिस सांभाळणाऱ्या शुभदाने हे तिसऱ्यांदा विचारलं. यशवंतपूरच्या शर्टांच्या कारखान्यात, वरच्या काचेच्या खोलीत, दोघी लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. पाच मिनिटांत पडद्यावर परदेशातल्या खरेदीदार बाई येणार होत्या. दर मंगळवारी त्यांच्याशी पडद्यावर बोलणारी कटिंगची सुपरवायझर कोण, हे त्या आज बोलून ठरवणार होत्या. अंबुबाई पसंत पडल्या, तर बावीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या टेबलावरची बाई वर येणार होती. नाहीतर बाहेरून कुणाला तरी आणायचं ठरलेलंच होतं.

"पाठ झाला, मॅडम," अंबुबाई म्हणाल्या. "पण या कागदात माणूसच नाही."

कागद शुभदाने लिहिला होता. मागच्या महिन्यात दोनशे शर्टांच्या कॉलरी अर्धा इंच लहान निघाल्या, त्याबद्दल विचारलंच तर काय बोलायचं, ते त्यात होतं. मापात तफावत आढळून आली, योग्य ती उपाययोजना करण्यात आली. चार गुळगुळीत ओळी, आणि कुणाचं चुकलं याचा पत्ता नाही. शुभदा पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. असलं इंग्रजी तिच्या हातचा मळ.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "तेवढंच बोला आणि गप्प बसा."

अंबुबाईंचं इंग्रजी कुठल्या क्लासातलं नव्हतं, कटिंगच्या टेबलावरचं होतं. रोज सकाळी कापड पसरलं की त्याच्या कडेला खडूने एक क्रियापद लिहायचं. मग भोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे बोट दाखवत म्हणायचं: आय कट. यू स्टिच. शी आयर्न्स. दे पॅक. जिचं वाक्य बरोबर, तिला अंबुबाई "सरी", म्हणजे कानडीत "बरोबर", म्हणायच्या आणि तिच्या तळहातावर खडू ठेवायच्या. उद्याचा शब्द तिने लिहायचा. तीन वर्षं हे असं चाललंय. इस्त्रीवरची भूमिका आता रिक्षावाल्याशीसुद्धा इंग्रजीत भांडते. कुणी काही म्हणो, ऐकत उभं राहावं इतकं गोड असतं ते.

त्या भाषेतली एकच गोष्ट अंबुबाईंना आवडायची, पण फार आवडायची. करणारा आधी उभा राहतो, काम त्याच्या मागून येतं. त्यांना ते घरचंच वाटायचं. चिकपेटमधले त्यांचे वडील, व्यंकोजी टेलर, कापडाला कात्री लावण्याआधी मोठ्याने सांगायचे, "मी कापतोय." ज्याला हरकत असेल त्याने तेव्हाच बोलावं, नंतर कापड जोडून मिळत नाही. अंबुबाईसुद्धा "मी कापते" म्हटल्याशिवाय कात्री उघडत नाहीत.

पडदा उजळला. बाईंनी नाव विचारलं, काम विचारलं. अंबुबाईंनी छोटी छोटी उत्तरं दिली, एकही अडखळलं नाही. मग बाई मुद्द्यावर आल्या.

"द कॉलर्स. व्हॉट हॅपन्ड?"

शुभदाने कागद पुढे सरकवला. अंबुबाईंनी तो पालथा घातला.

"आय कट," त्या म्हणाल्या. "पेपर राँग. आय सॉ. आय कट."

पेपर म्हणजे मापांचा तक्ता, आणि तो शुभदाने टाइप केला होता. त्या दिवशी अंबुबाई तो घेऊन तिच्याकडे आल्याही होत्या. "मॅडम, हे माप स्वल्प बघा, जरा लहान वाटतंय." तिने मान वर न करता सांगितलं होतं, "बरोबर आहे, कापा."

"हू फाउंड इट?" बाईंनी विचारलं.

अंबुबाई उठल्या. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि काचेकडे वळवला. खाली भूमिका इस्त्री फिरवत होती.

"शी फाउंड," त्यांनी बोट दाखवलं. मग शिलाईच्या रांगेवरून ते बोट सावकाश फिरवलं. "दे स्टिच्ड अगेन. टू संडेज."

त्या काचेतून आजवर पुष्कळांनी खाली पाहिलं होतं. कुणी काय केलं हे बोट दाखवून सांगणारं कुणी नव्हतं.

लॅपटॉप परत टेबलावर आला.

"अँड हू मेड द पेपर?"

वाक्य अंबुबाईंना येत होतं. बोट दाखवायचं माणूसही शेजारीच बसलं होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आय कट," त्या पुन्हा म्हणाल्या.

चूक दिसत असताना कापलंत का, असं बाईंनी जरा कडकपणे विचारलं. अंबुबाई "येस" म्हणाल्या. बाईंनी समोरच्या यादीतलं नाव खोडायला पेन उचललं.

शुभदा नर्सरीपासून इंग्रजी बोलत आलेली. पानभर ईमेल ती चहा निवायच्या आत लिहायची.

"आय," ती म्हणाली. पुढचं क्रियापद यायला फार वेळ लागला. "आय रोट इट. शी आस्क्ड मी. आय सेड, कट."

पेन थांबलं. बाईंनी नाव न खोडता ते खाली ठेवलं.

"ऑन ट्यूजडेज आय टॉक टू अंबुबाई," शेवटी त्या म्हणाल्या. मग शुभदाकडे वळल्या. "यू सिट नेक्स्ट टू हर."

पडदा काळा झाला. खालून मशिनांचा आवाज येत होता. शुभदा मान खाली घालून बसली होती, पालथा कागद अजून तिच्यासमोर होता. अंबुबाईंनी कमरेची पिशवी चाचपली.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि तिच्या तळहातावर खडू ठेवला.