खांदेकरी

केंटकीच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या कॉलेजात हॉबर्ट स्टिडम यांनी सत्तेचाळीस वर्षं बास्केटबॉल शिकवला. ते गेले, तेव्हा पत्नी लोरीन यांनी मदतनीस प्रशिक्षक डेलला बोलावलं. "खांदा त्यांच्या पोरांनीच द्यायचा. संघातले सहा उंच जण निवड."

डेल खाली बघत म्हणाला, "मॅडम, संघच उरला नाही. तेराही जण दुसऱ्या कॉलेजांत गेले."

"हे दोन महिने अंथरुणाला काय खिळले, तेवढ्यात? पूर्वीची पोरं चार चार वर्षं इथून हलत नव्हती. आणि जमारी? दर रविवारी माझ्या हातचं जेवायचा मेला!"

"तोही गेला."

शेवटी एकोणऐंशी सालच्या संघातले सहा म्हातारे आले. एकाचा गुडघा बदललेला, दुसऱ्याला धाप लागत होती. शवपेटी वाटेत दोनदा टेकवावी लागली. लोरीन दफनभूमीपर्यंत नव्या पोरांच्या नावानं बोटं मोडत होत्या.

माती पडल्यावर डेलला राहवलं नाही. "त्यांना शिव्या देऊ नका. नवा प्रशिक्षक येतो तो आपले खेळाडू घेऊनच येतो, जुन्यांना काढतो. हल्ली असंच चालतं. म्हणून तुम्ही इस्पितळातून घरी गेलात की सर दुसऱ्या कॉलेजांना फोन करत बसायचे. एकेकाला त्यांनीच जागा मिळवून दिली. जमारी तर जायलाच तयार नव्हता. त्याला म्हणाले, 'तिथला सराव बुडवून माझ्या मयताला आलास, तर याद राख.'"