हडळीची दृष्ट

भात वाढता वाढता ती नवी मुलगी नुसती हसली आणि अख्ख्या सेटच्या अंगावर काटा आला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचंही विसरला. समोर सासू होऊन पाटावर बसलेल्या कुंदाबाईंच्या मात्र पोटात दुखू लागलं. पहिल्या चित्रपटातली हडळ त्यांनीच गाजवली होती. दात, नखं, जटा, सगळं लावून. आता ती बाई हडळ कशी झाली याचा प्रीक्वेल निघाला, तर हडळ म्हणून ही कालची पोर! ना दात, ना नखं. नुसता भात!

“पोरीची दृष्ट काढा कुणीतरी,” दिग्दर्शक म्हणाला. “कुंदाताई, तुम्हीच काढा. इथे तुम्हीच मोठ्या.”

नाइलाजाने त्यांनी मीठ-मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि सेटवरच्या चुलीत टाकल्या. दृष्ट लागली नसेल तर मिरच्यांचा ठसका लागतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मिरच्यांचा पार कोळसा झाला, पण कुणाला साधी शिंकही आली नाही.

“अगं बाई, कुणाची लागली एवढी?” मेकअपवाली पुटपुटली आणि माना इकडेतिकडे वळू लागल्या.

कुणाची नजर आपल्यावर येण्याआधीच कुंदाबाई खोकल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, जीव ओतून खोकल्या. सगळ्यांनी हुश्श केलं.

मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि भात वाढतानाचं तेच हसू हसत म्हणाली, “मावशी, ठसका अगदी खरा वाटला हं!”