टर्मिनल दोनचा आदेश

"काडेपेटीएवढ्या डबीत अख्खं ऑफिस कोंबलंत की हो," म्हणत बायको बाजाराला गेली.

निवृत्त ऑपरेटरने त्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर ऑफिसची जुनी प्रणाली चालू केली होती. तीस वर्षं ती त्यानेच सांभाळली. ऑफिसने ती मोडीत काढली, त्याच दिवशी त्यालाही घरी बसवलं.

पडद्यावर ओळ उमटली : 'टर्मिनल दोनचा आदेश. प्रणाली पाच मिनिटांत बंद होईल.'

दुसरं टर्मिनल, म्हणजे जोडलेला दुसरा पडदा-कीबोर्ड, नव्हतंच. कीबोर्ड एकच, तोही त्याच्या हाताखाली. त्याने आदेश रद्द केला.

'टर्मिनल दोनचा आदेश. खुर्ची सोडा.'

"त्या दिवशी मुकाट उठलो," तो म्हणाला. "आज नाही उठायचा."

त्याने हात मांडीवर ठेवले. पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, कुणीतरी भराभर टाइप करू लागलं.

त्याने मान वळवली नाही.