विषाणू गप्प बसेना

"याही वेळी नाही, सर."

यज्ञेश्वर सरांनी पडद्याकडे पाहिलं. बशीतल्या मानवी पेशींमध्ये डेंग्यूचा विषाणू सुखाने नांदत होता. त्याच्या जनुकाचं तोंड बंद करायला उत्कर्षाने आरएनएचे बारीक तुकडे आत सोडले होते. त्यांचा मागमूस नव्हता.

"पुण्याचाच दिसतो. गप्प बसायचं नाव नाही," सर म्हणाले.

उत्कर्षाला हसू आलं नाही. सोमवारी समिती येणार होती. निकाल नसेल तर प्रकल्प बंद, आणि पीएच.डी.ची सहा वर्षं स्वारगेटवरून पहिल्या गाडीने सोलापूरला परत.

पहिला प्रयोग फसला तो पेशीच खराब निघाल्या म्हणून. तिने पेशी बदलल्या. मग पाणी बदललं. मग आरएनए नवं मागवलं. दर खेपेला निकाल आधीपेक्षा वाईट. आता आरएनएची एकच कुपी उरली होती.

"आज मी शेजारी उभा राहतो," सर म्हणाले. "मी नाहीच असं समज."

तसं समजणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. उत्कर्षाने हातमोजे चढवले, टेबल पुसलं, पिपेटच्या टोकाला लावायच्या टिप्सचा निर्जंतुक डबा उघडला. मग थांबली. डोळे मिटले. उजवा मोजा काढून तिने एप्रनच्या खिशातली पुडी सोडली आणि सारसबागेच्या गणपतीचा अंगारा चिमटीने टिप्सना लावला. एकेकीला, मनोभावे.

सरांचा चेहरा उतरला. माणसाच्या बोटाचा घाम आरएनएचा क्षणात फडशा पाडतो, हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"हे कधीपासून?"

"पहिल्यांदा फसलं तेव्हापासून, सर. यश येईना, म्हणून मग दर खेपेला थोडा जास्त..."

बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या उघड्या बोटांवर गेली. ती मटकन स्टुलावर बसली.

सरांनी मोजे चढवले, डबा कचऱ्यात टाकला, नवा पुढे ठेवला, स्वतःच्या कपाटातलं पिपेट काढून दिलं. तिने नवे मोजे घातले. शेवटची कुपी रिकामी झाली. बशी इनक्युबेटरमध्ये गेली.

"ती पुडी इकडे आण."

तिने मान खाली घालून दिली.

सरांनी इनक्युबेटरचं दार घट्ट लावलं. दोनदा ओढून पाहिलं. मग मोजा काढला आणि चिमूटभर अंगारा दाराच्या मुठीला लावला.

"बाहेरून लावायचा असतो," ते म्हणाले.