पंख्याचं तोंड

घरात टेबलफॅन एकच, आणि लग्नापासून त्याचं तोंड आजींकडेच. "अहो, जरा तुमच्याकडे वळवू का?" असं विचारलं की आजोबा मानेवरचा घाम पुसत म्हणायचे, "मला कुठे उकडतंय?" धादांत खोटं बोलतात, हे आजींना पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं.

आज भर दुपारीही तेच उत्तर आलं, फक्त मान कोरडी होती. हुज्जत घालायचं त्राण आजींत नव्हतं. त्यांचा डोळा लागला.

आता दवाखान्यात आजोबांच्या काखेत बर्फाच्या पिशव्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात अंग तापलं तरी माणसाला उकडल्याचं जाणवतच नाही, आजी. ते काही बोलले नव्हते?"

"बोलले ना, उकडत नाही म्हणून. या खेपेला खरं बोलतायत, हे मला कसं कळावं?"