‘येते’ म्हणाली

“काका, तुमचं दार म्हणतंय की तुम्ही घर सोडलंत,” मृण्मयी म्हणाली. त्या परक्या शहराच्या कचेरीत मराठी बोलणारी ती एकटीच होती.

“सोडलं कुठं? हिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो, काशीला नाही.”

“पण निघताना ‘जातो’ म्हणालात ना.”

दिगंबर सोनटक्क्यांना ते आठवलं. या देशात पत्त्याचा पुरावा फक्त दार देई. घराबाहेर पडताना माणूस काय बोलला, ते दार ऐकून ठेवी. परत यायचं असलं की मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो, हे इथल्या मराठी मंडळानंच हौसेनं दारांना शिकवलं होतं. त्या दिवशी घाबरून त्यांच्या तोंडून निघालं होतं, “जातो हिच्याबरोबर.”

“मग हिच्या, माझ्या कुमुदच्या अस्थी?”

“त्या घरच्या माणसालाच मिळतात, काका. मृत्यूची नोंदसुद्धा त्यानंच करायची. तुम्ही दारापाशी जा. घरातलं कुणी ‘या’ म्हणालं की तुमचा पत्ता परत नोंदला जाईल.”

“घरात आता कोण आहे, पोरी?”

मृण्मयीनं त्यांचा अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला.

दिगंबर घरापाशी आले. “उघड रे बाबा, मी आहे.”

“घरातल्या माणसाला हाक मारा,” दार म्हणालं.

त्यांनी सवयीनं हाक मारली, “अगं, ऐकलंस का?”

“कुमुदताई बाहेर गेल्या आहेत,” दार अदबीनं म्हणालं. “निघताना ‘येते हं’ म्हणाल्या आहेत. वाट पाहा.”

दिगंबर पायरीवर बसले.