मागून दोन थापा

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, म्हणून पंढरीनाथ दोस्ताला, लहानूला, फटफटीवर मागं बसवून अर्नाळ्याचा समुद्र बघायला निघाला.

लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून शिफ्ट बदलताना बदलीवाला मागून येऊन खांद्यावर दोन थापा मारतो. मागं न बघता आपण हात काढायचे, की लूम त्याचा. लहानू रस्त्याभर तशाच थापा मारत होता. पंढरीनाथचे हात सवयीनं हँडलवरून उचलले जायचे, आणि हा मागं खिदळायचा.

"मारशील मला एक दिवस, लहान्या."

"मी हाय ना मागं."

किनाऱ्याजवळ लहानू चहा आणायला टपरीवर उतरला. आता पंढरीनाथची पाळी. त्यानं गुपचूप गाडी काढली. शेवटच्या सुरूच्या झाडापर्यंत जायचं, गड्याला जरा पळवायचं, मग वळून परत यायचं. आरशात लहानू दोन्ही हातांत ग्लास घेऊन पळताना दिसला, मग दिसेनासा झाला.

ऊन मऊ होतं. रस्त्यावर वाळू आली होती. गाडी झोपेत चालल्यासारखी चालली होती.

शेवटच्या सुरूपाशी तो वळणार, तोच खांद्यावर दोन थापा पडल्या.

पंधरा वर्षांची सवय. त्यानं दोन्ही हात काढले.

गाडी जरासुद्धा डगमगली नाही. सुरू मागं पडला. क्लच दबला, सुटला, आणि गाडी बेतानं पाण्याकडे वळली.

पंढरीनाथनं घाईघाईनं हात परत हँडलवर नेले.

मुठींवर हात ठेवायला जागाच नव्हती.